पत्ता खालचा, घर वरचं

१९ सप्टेंबर, मंगळवार

परत पाठवला. अख्खा डबा परत पाठवला, तोही शिपायाच्या हातून. सकाळी उठून तांदळाचं पीठ चाळलं, लाल घेवडा शिजवला, थरावर थर देऊन तोक वाफवला, गरम गरम फडक्यात बांधून एवढ्या पायऱ्या चढून वरच्या शाळेत नेऊन दिला, आणि मी घरी पोचून चपला काढतेय तोवर डबा माझ्या मागोमाग दारात. फडक्याची गाठसुद्धा सोडलेली नाही. शिपाई म्हणाला, नव्या मुख्याध्यापिका प्यो बाई म्हणतात कायदा आहे, शिक्षकांना कुणाकडून काही घेता येत नाही. कायदा मलाही माहीत आहे. गेल्या वर्षी टीव्हीवर सगळ्या पुसान शहरानं बघितलाय. पण तो पाकिटं घेणाऱ्यांसाठी. तोक म्हणजे पाकीट आहे का? लाच द्यायची असती तर मी घेवडा घातला असता का?

मी गेले होते ते स्वतःसाठी नाही. या टेकडीची गल्लीप्रमुख मी आहे. वॉर्डाचे कागद घरोघर वाटते, कोण राहायला आलं, कोण सोडून गेलं ते बघते, गटार तुंबलं तर बोंबा मारते. आणि शाळा तीनला कुलूप लावते. आया आठला घरी येतात. मधले पाच तास पोरं पायऱ्यांवर बसतात, नाहीतर चूच्या दुकानापुढं. शिवाय आमच्या गल्लीकडचं फाटक कित्येक वर्षं बंद, म्हणून पोरांना खाली रस्त्यावर उतरून पुन्हा चढ चढायला लागतो. एवढंच सांगायचं होतं. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून तोक.

दानबीनं तीन तुकडे खाल्ले. नातीचं पोट दुखलं तर त्या प्यो बाईंच्या नावानं.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

प्यो बाई स्वतः आल्या. छोटीशी बाई, पायात धावायचे बूट, तोंडावर हसू म्हणून नाही. म्हणाल्या, तोक परत पाठवला त्याबद्दल माफी मागायला नाही आले, फाटक बघायला आलेय.

दोघी गेलो. कुलूप इतकं गंजलेलं की किल्ली असती तरी उपयोग नव्हता. त्या पोरांच्या वाटेनं एकदा चालल्या, मग आमच्या वाटेनं. दम लागला होता तरी थांबल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, तळमजल्यावर माझ्या तीन खोल्या रिकाम्या पडल्यात. तिथून गल्लीत दार काढलं तर संध्याकाळी आठपर्यंत वाचनखोली चालवता येईल, गरम जेवण देता येईल, तुमच्यासारख्यांचा अक्षरवर्गही तिथंच.

तुमच्यासारख्यांचा. मी सहावीपर्यंत शिकलेय म्हटलं, पुढं बुटांच्या कारखान्यात गेले ती काय हौसेनं नाही. त्या म्हणाल्या, मला तसं म्हणायचं नव्हतं. मग कसं म्हणायचं होतं ते काही सांगितलं नाही.

आवडली नाही मला बाई. पण चालते भरभर.

१० ऑक्टोबर, मंगळवार

सणाच्या सुट्टीत दुकानदार चू घरोघर फिरून सांगून आलाय की वस्ती सुधार योजनेचा निधी आला की बंद पडलेल्या सार्वजनिक न्हाणीघराचं कॉफीघर करायचं. छपरावर खुर्च्या, समोर बंदर, फोटो काढायला पंख रंगवलेली भिंत. पंख. गेल्या वर्षी मासा रंगवला होता, त्याच्यापुढं उभं राहून मुली फोटो काढतात आणि माझ्या दारात कागदी पेले टाकून जातात.

मी चूला म्हटलं, हा निधी शाळेच्या खोल्यांना हवा, वस्ती सुधारायची म्हणजे परक्यांना कॉफी पाजायची का? इथं पोरंच राहिली नाहीत तर वस्ती कुणाची? तो म्हणाला, "प्रमुखबाई, पोरं खालच्या शाळेत जातात म्हणून राहत नाहीत. तुमची शाळा सुधारून शिकवणार कुणाला, मांजरांना?"

यात खोटं नाही, म्हणून जास्त राग आला. पोरं आहेत. रोज सकाळी दिसतात. पण नोंदीत नाहीत. कुणाचा मामा, कुणाची मैत्रीण खालच्या नव्या इमारतीत राहते, तिच्या पत्त्यावर नाव चढवायचं, पोर खालच्या शाळेत. राहायचं वर, पाणी वरचं, कचरा वरचा, आणि पत्ता खालचा. हा काय प्रामाणिकपणा झाला? गुन्हा आहे तो, कागदावर लिहिलेलं असतं.

यंदा पडताळणीत कुणाला सोडणार नाही.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

पडताळणी चालू. घरोघर जायचं, यादीत ज्यांचं नाव आहे ती माणसं खरंच राहतात का, आणि राहतात त्यांचं नाव आहे का ते बघायचं. पाय मोडले.

शेजारच्या जिहूनच्या आईकडं दोन जोडी बूट, पोराची सायकल, पोराची उंची मोजायचा टेप पण दाराला लटकलेला, आणि यादीत जिहूनचं नाव नाही. विचारलं तर म्हणाली तो माझ्या नणंदेकडं राहतो. तेवढ्यात जिहून मोरीतून नागडा ओरडत बाहेर. मी सरळ वॉर्डात लिहून दिलं, पोर इथंच राहतं. वॉर्डातल्या मुलानं विचारलं, खरंच पाठवू का काकू, शेजारीण आहे तुमची. मी म्हटलं पाठव. एकाला सोडलं की सगळ्यांना सोडायला लागतं.

माझ्या घराच्या ओळीवर न बघताच बरोबरची खूण केली. आपल्याच घरात काय बघायचं, मीच तर राहते.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

दानबीला नवीन गाणं लागलंय. जेवताना, भांडी घासताना, संडासात सुद्धा: "एकशे तीन नंबर इमारत, बारा शून्य चार नंबर घर." तालावर म्हणते, टाळ्या वाजवते. बालवाडीत आकडे शिकवतात वाटतं हल्ली असे. मी शाबासकी दिली. माझी लेक मीरान तिला म्हणाली, बास झालं आता, जेव. पोरगी हुशार निघाली तर आईला कौतुक नको? घटस्फोटानंतर मीरान अशीच झालीय, आनंदाच्या गोष्टीला आधी कपाळाला आठी.

तिची पत्रं पण येत नाहीत आताशा. दवाखान्याचं, विम्याचं, काही नाही. म्हणते सगळं मोबाइलवर येतं.

११ नोव्हेंबर, शनिवार

रहिवासी समितीची बैठक. न्हाणीघरातच भरली, थंडीनं दात वाजत होते. चूनं कॉफीघराची चित्रं आणली होती, चित्रात माणसं सगळी गोरी आणि उंच. मग प्यो बाई उठल्या. चित्रं नाहीत, काही नाही. तीनला कुलूप लागल्यावर पोरं कुठं कुठं जातात तेवढं सांगितलं, नावं न घेता. कुणाचं पोर ते सगळ्यांना कळत होतं. एक आजोबा रडले, त्यांचा नातू असावा.

वॉर्डाचा माणूस म्हणाला की शाळेची योजना आम्हालाही पटते, पण पुढच्या वर्षी पहिलीचा वर्ग स्वतंत्र उभा राहायला हवा. पोरं कमी पडली तर पहिली-दुसरी एका खोलीत, आणि तशा शाळेवर निधी घालता येणार नाही. चार जानेवारीला नव्या पोरांना शाळेत बोलावतात त्या दिवशी मोजू.

जिहून आणि आमची दानबी धरून जेमतेम वर्ग होतो. मी बोटांवर मोजलं.

तेव्हा चू उठला. सगळ्यांसमोर म्हणाला, "प्रमुखबाई, दुसऱ्यांची पोरं मोजता, तुमची नात कुठं जाणार ते सांगा की आधी."

मी उभी राहिले आणि म्हटलं, "दानबी वरच्या शाळेत जाणार. तिची आई तिथंच शिकली. हा माझा शब्द."

टाळ्या पडल्या. हात वर झाले, आमची बाजू जिंकली. घरी येऊन मीरानला सांगितलं तर ती कांदा चिरत होती, चिरतच राहिली. म्हणाली, मला विचारायचं तरी आधी. मी म्हटलं यात विचारायचं काय?

२५ नोव्हेंबर, शनिवार

किमचीचा दिवस. दरवर्षी गल्लीतल्या आम्ही सगळ्या एकत्र करतो, कोबी माझ्या अंगणात, मिरची चूच्या बायकोची. जिहूनची आई आली नाही. जिहूनची नोंद महिन्यापूर्वीच वर परत आणावी लागली, वॉर्डातून माणूस गेला होता. बायका माझ्याकडं बघून गप्प बसत होत्या. बसू देत. नियम नियम आहे. प्यो बाईंचंच शिकले बहुतेक.

तिच्या वाटणीची किमची दाराशी ठेवून आले. तिनं आतून दिवा घालवला.

१२ डिसेंबर, मंगळवार

शाळाप्रवेशाची पत्रं वाटायला आली. दरवर्षी मीच वाटते, पोराच्या हातात देते, पोर दोन्ही हातांनी घेतं, मला बरं वाटतं. यंदा सगळ्यात आधी दानबीचं काढून ठेवायचं म्हणून गठ्ठा चाळला. नाही. पुन्हा चाळला. जिहूनचं आहे, दानबीचं नाही.

तशीच वॉर्डात गेले. एवढं साधं काम नीट होत नाही का म्हणून त्या मुलाला झापलं. माझ्याच घरचं पत्र हरवता म्हणजे बाकीच्यांचं काय करत असाल. मागं रांग होती, सगळ्यांनी ऐकलं. त्यानं संगणकात बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा संगणकात. हळू आवाजात म्हणाला, "काकू, हरवलं नाही. मला सांगता यायचं नाही. मीरानताईंना विचारा."

आता मीरानला काय माहीत असणार? मी म्हटलं, तुझ्या साहेबाला बोलाव. साहेब जेवायला गेले होते.

१३ डिसेंबर, बुधवार

विचारलं.

मी टेबलावर सुक्या मासळीची डोकी मोडत बसले होते. मीरान समोर बसली, तीही डोकी मोडायला लागली. म्हणाली, ऑगस्टपासून. ती ज्या दातांच्या दवाखान्यात कामाला आहे तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या बहिणीचा फ्लॅट आहे खाली. तिचं आणि दानबीचं, दोघींचं नाव तिथं चढवलंय. एकशे तीन नंबर इमारत. शाळेत विचारलं तर पोरीला सांगता यायला हवं म्हणून पाठ करून घेतलं.

मी मुठीतली डोकी ताटलीत टाकली.

मग म्हटलं, सगळ्या समितीपुढं शब्द दिलाय मी. ती म्हणाली, तो तुझा शब्द, माझा नाही. मी म्हटलं, तू स्वतः शिकलीस ना त्या शाळेत, काय झालं तुला?

त्यावर तिनं हातातली मासळी ठेवली. "काय झालं? दवाखान्यात कुणी विचारलं कुठली तू, तर मी अजून खालच्या वस्तीचं नाव सांगते. आई, त्या खिडकीशी मला उभी करून तूच म्हणायचीस, बघ खाली किती दिवे आहेत, अभ्यास कर आणि इथनं जा. रोज म्हणायचीस. मला नाही जमलं. मी हिला पाठवतेय."

मी असं रोज म्हणत नव्हते. कधीतरी म्हटलं असेन.

१५ डिसेंबर, शुक्रवार

प्यो बाईंकडं गेले. काही हातात न घेता गेले. म्हटलं, पत्ता नसला तरी एका पोरीला घेता येईल का वर्गात. त्या म्हणाल्या, नाही. मला वाटलंच होतं. खोलीत हीटर नव्हता, त्यांनी कोट घातलेला. खिडकीबाहेर नवीन दारासाठी भिंतीवर खडूनं रेघ मारून ठेवलीय, निधी यायच्या आधीच.

मी त्यांना सरळ विचारलं. म्हटलं, बाई, तुमची स्वतःची नात असती तर घातली असती का या शाळेत?

दुसरी कुणी असती तर लगेच हो म्हणाली असती. त्यांनी विचार केला. म्हणाल्या, "आज नाही. चांगले शिक्षक इथं टिकत नाहीत, वर्षभरात बदली मागतात. दोन वर्षांनी घातली असती. पण त्यासाठी यंदा कुणीतरी घालायला लागतं."

मी म्हटलं, हे बैठकीत का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, कुणी विचारलं नाही.

उतरताना पायऱ्यांवर बसले थोडा वेळ. मीरानला हे सांगावं का नाही कळेना. सांगितलं तर ती म्हणेल बघ. नाही सांगितलं तर मी चूसारखी, चित्रातली उंच माणसं दाखवणारी.

१७ डिसेंबर, रविवार

सांगितलं. मीरान म्हणाली, बघ. पुढं म्हणाली, आई, तुमची शाळा सुधारा, मी मनापासून म्हणते सुधारा. पण माझ्या पोरीवर प्रयोग करून नको.

दानबी मध्येच आली आणि तिनं विचारलं, आजी, बारा शून्य चारमध्ये कोण राहतं? मीरान म्हणाली, कुणी नाही. मी म्हटलं, एक डॉक्टरीणबाईंची बहीण राहते. दानबी म्हणाली, मग मी का सांगायचं मी राहते?



२१ डिसेंबर, गुरुवार

जिहूनची आई आली. मी दार उघडलं तर किमचीचा रिकामा डबा धुऊन, त्यात मंदारिन संत्री घालून हातात. दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, आधी खूप राग होता, तुम्हाला शिव्या घातल्या, नवऱ्यालाही सांगितलं की या बाईचं तोंड बघणार नाही. मग बैठकीतलं ऐकलं. म्हणाली, "दानबीपण तिथंच जाणार म्हटल्यावर वाटलं, प्रमुखबाई स्वतःच्या नातीला घालतायत म्हणजे विचार करूनच घालत असतील. दोघं बरोबर जातील. जिहून बावळट आहे जरा, दानबी असली की मला काळजी नाही."

मी बस म्हटलं, ती बसली नाही, कामावर जायचं होतं. संत्री टेबलावर तशीच आहेत. मीराननं विचारलं कुणी दिली. मी सांगितलं. तिनं एक सोलायला घेतलं होतं, ठेवून दिलं.

२३ डिसेंबर, शनिवार

उद्या सकाळी मीरानला हे सांगायचंय. तोंडानं सांगायला गेले की आवाज चढतो आणि ती आत निघून जाते, म्हणून आधी इथं लिहून काढते. उद्या वाचून दाखवीन, चष्मा लावून, मध्ये बोलायचं नाही असं आधी सांगून.

मीरान, शाळा आज चांगली नाही. मी मान्य करते. प्यो बाईंनी मान्य केलं, मग मी कोण. दानबीवर प्रयोग नको हेही बरोबर. आईनं असंच म्हणायला पाहिजे. पण मग जिहूनवर का? त्याची आईपण आई आहे. तिनंही तुझ्यासारखंच केलं होतं, नणंदेच्या पत्त्यावर. तिला मी लिहून दिलं आणि ओढून वर आणलं. तुला मी लिहून दिलं नाही. बघितलंच नाही. आता बघितलंय.

खिडकीचं म्हणालीस. ते मी दहा दिवस डोक्यात फिरवतेय. मी कारखान्यातून यायचे तेव्हा नाकातोंडात डिंकाचा वास, तू दारात बसलेली असायचीस, आणि खाली दिवे लागलेले. मला वाटायचं तिकडं जे काय आहे ते तुला मिळावं. इथं काही आणता येईल असं तेव्हा डोक्यातच नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. आता एक बाई भिंतीवर खडूनं रेघ मारून बसलीय, आणि मला ती रेघ बघवत नाही म्हणून मी तीन दिवस त्या वाटेनं गेले नाही. मी, जी रोज जाते.

म्हणून दोनच वाटा. एक, तू वॉर्डात जाऊन दोघींची नोंद वर परत आण, पत्र मी स्वतः दानबीच्या हातात देते, आणि चार तारखेला आपण तिघी शाळेत जाऊ. पुढं शाळा नीट चालली नाही तर प्यो बाईंच्या आणि वॉर्डाच्या डोक्यावर मी बसेन, त्याची काळजी तू करू नकोस, त्यात मला सवय आहे. दोन, तुला जायचंच असेल तर जा, मी अडवणार नाही, शिव्या घालणार नाही. पण मग जिहूनच्या आईला तू स्वतः जाऊन सांगायचंस, तिच्या दारात उभी राहून, चार तारखेच्या आधी, म्हणजे तिलाही तिच्या पोराचं ठरवता येईल. आणि मी समितीपुढं उभी राहून शब्द मागं घेईन आणि प्रमुखपद सोडीन. चू टाळ्या वाजवेल. वाजवू दे.

तिसरी वाट नाही. गप्प बसायचं, नाव खाली ठेवायचं आणि त्या बाईची संत्री खायची, हे या घरात होणार नाही.

रागावून विचारत नाही. आई म्हणून विचारलं तर तू रडशील आणि मी गप्प बसेन, म्हणून गल्लीप्रमुख म्हणून विचारतेय: तुम्ही दोघी कुठं राहता? वॉर्ड कार्यालय शुक्रवारी, एकोणतीस तारखेला, सहाला बंद होतं. त्याच्या आत मला सांग. वर किंवा खाली. 'बघू' म्हणालीस तर ते खाली असं मी धरीन.